अव्याचा दुधी आणि माझी कमेंट

अव्या मंगळवारी गेला. आणि मला रडू यायच्या आधी भीती वाटली.

अव्या म्हणजे अविनाश. एकाच विंटरमध्ये आम्ही कॅनडात, एडमंटनला आलो, एकाच बेसमेंटमध्ये राहिलो.

नोकरी त्याला आधी लागली. ड्रायव्हिंग टेस्ट तो पहिल्याच फटक्यात पास.
पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, सगळे त्याच्याच टेबलाभोवती.

मी हसत असायचो. आतून जळत असायचो.

मग त्याचा लेऑफ झाला.
खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं.

त्या समरला त्याने बॅकयार्डमधल्या दुधीचा फोटो टाकला. चांगला हातभर दुधी, तोही एडमंटनमध्ये! जो तो कौतुक करत होता.

मी लिहिलं, "नोकरी नसली की असले छंद जमतात."
आणि नोटिफिकेशन बंद करून टाकलं.

संध्याकाळी हा दारात. हातात अर्धा दुधी.
"वहिनी, कोफ्ते करा!"

मला वाटलं, याने वाचलंच नाही. सुटलो.

काल त्याच्या मुलीचा, रियाचा फोन आला. रविवारच्या शोकसभेसाठी ती बुकलेट करतेय.
"काका, बाबाच्या जुन्या पोस्ट सर्चमध्ये येतच नाहीत. तीन-चार वर्षांच्या मागे नथिंग. सो आय'ल जस्ट स्क्रोल."

फोन ठेवला आणि तिच्या आधी मीच सुरू झालो.
'दुधी' टाइप केलं. काही नाही. 'गार्डन' टाकलं. काही नाही.
मग अंगठा दुखेपर्यंत मागे मागे गेलो. रियाचं ग्रॅज्युएशन, बर्फ शोव्हल करताना काढलेले सेल्फी, नवीन विंटर टायर्स...

कमेंट सापडली. डिलीट करणार, तेवढ्यात खाली त्याचा रिप्लाय दिसला. इतक्या वर्षांत मी कधी पाहिलाच नव्हता.

"खरंय रे. संध्याकाळी घरी आहेस ना? अर्धा आणून देतो."

म्हणजे वाचून आला होता.

आणि खरं सांगतो, काल ते वाचतानाही माझा जळफळाटच झाला. हे असं वागणं मला जन्मात जमलं नसतं.

डिलीट नाही केली. स्क्रीनशॉट काढून रियाला पाठवला.

तिचा मेसेज आला, "फोटो मस्त आहे काका. तुमची कमेंट क्रॉप करू का?"

मी लिहिलं, "नको. नावासकट छाप."

रविवारी शोकसभेला याल, तेव्हा बुकलेट तुमच्या हातात पडेल. ते पान वाचून माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही, तर मी समजू शकतो.

अव्या, सॉरी म्हणायला फार उशीर केला रे.
सुखाने जा.