खुर्चीवरून दिसलेला दम

"पाह्य ना बाई, कशी भरली आता! तवा तर नुसती काडी होती."

अकोल्यात मावसबहिणीच्या लग्नात मागच्या रांगेतून हे ऐकू आलं. मावशीची शेजारीण कुणाला तरी माझ्याबद्दल सांगत होती. आईनंही ऐकलं आणि तिचा चेहरा खुलला. मुलीच्या वजनाचा विषय निघाला की बाकीच्या आया ओशाळतात, माझी आई सत्कार झाल्यासारखी हसते. सातव्या वर्षी मला रक्ताचा कॅन्सर झाला होता. मी वाळत गेले ते तिनं पाहिलंय. पुढे औषधांनी भलतीच भूक लागायची, तेव्हा मी मागेन तितक्या पोळ्या तिनं लाटल्या. मी बरी झाले, कॉलेजात गेले, तरी ताटात वाढणारा तिचा हात काही आखडला नाही.

मंगलाष्टकं सुरू झाली, सगळे उभे राहिले.

"तिले खुर्ची द्या रे, उभी नका ठेवू!" आई ओरडली.

मी म्हाताऱ्यांच्या ओळीत बसले. मावसभाऊ अक्षता वाटत आला आणि वाकून म्हणाला, "काय आजी, गुडघे काय म्हणतात?"

मी हसून अक्षता घेतल्या. घरी, अमरावतीतही असंच चालतं. शाळेत पीटीच्या तासाला मी झाडाखाली बसून मैत्रिणींची घड्याळं सांभाळायचे. आता कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा स्कूटीनंच जाते.

जेवणं झाल्यावर डीजे लागला. माझ्या मामी माझ्याहून चांगल्याच जाड आहेत, पण नाचायला सर्वात पुढे. गाणं संपलं तेव्हा त्यांचं तोंड उघडं होतं, मान घामानं चिंब, एक हात कमरेवर. पाणी घ्यायच्या निमित्तानं मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले आणि त्यांचा श्वास ऐकत राहिले. फास-फुस, फास-फुस. मामी पाणी प्यायल्या, पदर खोचला आणि "चला गं!" म्हणत परत गेल्या. कुणी घाबरलं नाही. कुणी खुर्ची आणली नाही.

जिना चढताना माझंही असंच होतं. तेव्हा आई मला तिथंच पायरीवर बसवते, आणि मला वाटतं, आजार अजून आत कुठेतरी आहे. पण मामींना कुठला आजार होता? त्यांचा दम आणि माझा दम एकच असेल का? आजारानंतर पळालेच नव्हते कधी, त्यामुळे ताडून पाहायला माझ्याकडे काही नव्हतं. विचारायची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी अकोल्यातच माझी वर्षाची तपासणी होती. रिपोर्ट चांगले होते, हृदयाचेसुद्धा. डॉक्टरांनी वजन पाहिलं आणि विचारलं, "व्यायाम काय करतेस?"

माझ्या वतीनं आईच बोलते. "काहीच नाही," ती अभिमानानं म्हणाली. "अजिबात दगदग होऊ देत नाही मी तिले."

"का?"

"तुमीच तर म्हणलं होतं. धावू देऊ नका, पोरांत सोडू नका."

डॉक्टरांनी जुनी फाइल उलटून पाहिली. "ताई, तेव्हा तिच्या छातीत औषधाची नळी होती. ती कधीच काढली. आता तर तिनं चाललंच पाहिजे. सायकल, पोहणं, जे आवडेल ते."

आईनं पर्सचा पट्टा घट्ट धरला. इतकी वर्षं तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि भीतीपोटी तिनंही विचारलं नव्हतं.

"पण दम लागते ना तिले," ती हळूच म्हणाली. "काही झालं म्हणजे?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुला काय वाटतं?"

अशा वेळी मी आईकडे पाहते. तेव्हाही पाहिलं. तिचे डोळे भरले होते. तरी मी बोलले.

"डॉक्टर, दम कितपत लागला म्हणजे थांबायचं? आणि कितपत लागला तरी चालत राहायचं?"