मीच पास केलेला माझा प्रोजेक्ट

गेल्या शनिवारी सिविल लाइन्समधल्या एका कॉलेजात माझी व्हायवा होती. विषय ॲडव्हान्स्ड कॅल्क्युलस आणि त्याचे व्यावहारिक उपयोग. एम.एस्सी.चा हा एकच पेपर अडकला होता आणि ही शेवटची संधी... ह्यात नापास झाले असते तर डिग्री विसरायची.

बाबा गेले तेव्हा मी एम.एस्सी.ला नुकतीच ॲडमिशन घेतली होती. त्यांच्या जागी फॅक्टरीत नोकरी लागली आणि गणित राहून गेलं. आता चाळिशीत प्रायव्हेट परीक्षा देतेय. नोकरी इन्स्पेक्शनची... तयार पार्ट गेजने तपासायचा, मापात असला तर पास, नसला तर रिजेक्ट.

प्रोजेक्टसाठी मी आईचा तांब्याचा गुंड उचलला. गोल पोटाचं पाण्याचं भांडं. जागोजागी त्याचा व्यास मोजायचा, पोटाच्या गोलाईला सूत्र बसवायचं, इंटिग्रेशन करून आत किती पाणी मावेल ते काढायचं आणि मग खरंच पाणी भरून ताळा करायचा.

आई ओट्यापाशी उभी राहून हे सगळं बघत होती. "लोकं गुंडात पाणी भरतात बाई, तू काहून आकडे भरून राहिली?"

व्हायवाला बाहेरून आलेले सर माझ्याहून वयाने बरेच लहान. फाइल चाळता चाळता थांबले. "मॅडम, ये क्या है?"

बघते तर काय... समोरच्या पानावर प्रत्येक गणिताखाली लाल पेन्सिलने बरोबरची खूण, पुढे 'ॲक्सेप्टेड' आणि खाली माझी सही! फॅक्टरीत माप मर्यादेत बसलं की हात आपोआप एवढं करतो, डोक्याला विचारायला जात नाही. घरी गणितं तपासतानाही त्याने तेच केलं होतं.

"आपने तो खुद को पास कर लिया. फिर हम किसलिए आए हैं?" त्यांच्या शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मॅडम हसल्या. मीही हसले, पण वरवर. इतक्या वर्षांनी इथवर यायचं आणि असं हसं करून घ्यायचं...

सरांनी पान उलटलं. तिथे लाल अक्षरांत 'रिजेक्टेड'. सही माझीच.

त्या पानावर सूत्राने जेवढं पाणी दाखवलं होतं, त्याहून गुंडात बरंच कमी मावत होतं. ते पान काढून टाकता आलं असतं. पण नापास मालाची नोंद फेकायची नसते, हीसुद्धा नोकरीचीच सवय.

हे काय म्हणून ठेवलं, असं सरांनी विचारलं. मी सांगितलं, फॅक्टरीचं क्वार्टर सोडताना हा गुंड ट्रकमधून पडला आणि एका बाजूने चेपला. माझं सूत्र भांडं सगळीकडून गोल आहे असं धरून चालतं, चेपलेल्या पट्ट्याला ते लागूच होत नाही. म्हणून शिशाची तार गुंडाला लावून वाकवली, तेवढा आकार ग्राफ पेपरवर उतरवला आणि तिथे डबल इंटिग्रल घेतलं. मग ताळा जमला.

सरांनी त्या पानावरचे आकडे पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितले. म्हणाले, सकाळपासून सगळ्यांची उत्तरं बरोबरच आली आहेत, सूत्र कुठे चालत नाही हे कोणी दाखवलंच नाही. मग मला बाहेर थांबायला सांगितलं.

व्हरांड्यात मी दाराकडे बघत उभी. आत दोन माणसं माझं काम तपासतायत आणि आपल्या हातात आता काही नाही... हा अनुभव माझ्यासाठी नवा होता. पाय दुखायला लागले तेव्हा कळलं की मी मघापासून जागची हललेली नाही.

पास झाले. व्हरांड्यातच रडू आलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. त्या सरांचे मनापासून आभार.

सोमवारी कामावर लेथ चालवणारा एक खरादी भैया आपला पार्ट तपासून घ्यायला आला आणि नेहमीसारखा टेबलाच्या कडेला उभा राहिला. मी शेजारचा स्टूल त्याच्याकडे सरकवला. "बैठिए भैया, टाइम लगेगा."

टाइम काही लागणार नव्हता... पण वाट बघणं बसून जरा सोपं जातं.