थंडोबाची मेलेली बाटली

लसींच्या कोठीत सगळे त्याला थंडोबा म्हणत, आणि तेही तोंडावर. एक तर बावीस वर्षं त्याची सोबत फ्रिजांची. दुसरं म्हणजे घाई कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं. लस पुरवणारी संस्था दूरदेशीची, कितीतरी देशांत काम करणारी. तिच्या भिंतीवरच्या नकाशात थंडोबाची कोठी म्हणजे टाचणीचं डोकं. पण अख्खा नकाशा त्या टाचणीवर लटकलाय, अशी थंडोबाची खात्री.

फ्रीजरमधले आइसपॅक काढले की तो ते टेबलावर पसरायचा आणि बसून राहायचा. मग एकेक कानाशी धरून हलवायचा. आत पाणी खुळखुळलं तरच पॅक लसीच्या पेटीत. कडक बर्फाला चिकटली तर ही लस गोठते, आणि एकदा गोठली की पुन्हा पातळ होऊनही तिच्यात दम उरत नाही. टोचली तर पोराला काही होत नाही, तिथंच खरा घात. आई निर्धास्त, आणि आजाराला दार उघडं.

दुसरा नाद त्याहून विचित्र. लसीचा नवा साठा आला की त्यातली एक बाटली तो मुद्दाम गोठवून ठेवायचा. वर लाल शाईनं लिहायचा, ‘मेलेली’.

“मढं कशाला सांभाळतोस?” ड्रायव्हर विचारायचा.

“ओळख पटवायला,” थंडोबा म्हणायचा.

त्या गुरुवारी मात्र ड्रायव्हर हॉर्नवरून हात काढेना. मुख्य कचेरीतून आलेल्या तपासनीस बाई जीपमध्ये बसून घड्याळ बघत होत्या. त्यात पोरीचा फोन : “बाबा, आज बाळाची सुई आहे. मागच्यासारखं उन्हात ताटकळत ठेवू नका.” थंडोबानं आयुष्यात पहिल्यांदा भराभरा पेटी भरली आणि जीप गेली.

टेबलावर एक पॅक उरला होता. सवयीनं त्यानं तो कानाला लावला. आत चकार शब्द नाही. नुसता दगड!

थंडोबाच्या तोंडचं पाणी पळालं. ड्रायव्हर फोन उचलेना, जिथं लस टोचायची त्या आरोग्य केंद्रातला फोन लागेना. मेलेली बाटली शर्टाच्या खिशात टाकून त्यानं स्कूटरला लाथ घातली. बाई वाटेत दुसरं केंद्र तपासून जाणार, तेवढीच काय ती सवड. खड्ड्याखड्ड्याला तो खिसा चाचपत होता. बाटली आधी छातीला चटका देत होती, मग नुसती गार लागायला लागली. वितळली होती.

केंद्रात शिरला तेव्हा रांग दारापर्यंत. पहिला नंबर त्याच्याच नातवाचा. मांडी उघडी, सिस्टरची सुई भरलेली.

“थांबा! सिस्टर, ती खाली ठेवा.”

“अहो, भरलीय मी.”

“असू दे. आज एकालाही टोचायचं नाही, मी सांगेपर्यंत.”

पेटीतली एक आणि खिशातली एक, अशा दोन बाटल्या त्यानं एकाच मुठीत धरून खळाखळा हलवल्या आणि खिडकीत शेजारी शेजारी ठेवल्या. मेलेलीचा गाळ लगेच तळाशी बसायला लागला, वर पाणी निवळलं. पेटीतली अजून दुधाळ होती.

“आहे की चांगली!” ड्रायव्हर म्हणाला.

थंडोबानं बाटल्यांवरची नजर काढली नाही. बाळ रडत होतं, आणि त्याला गप्प करायचंही कुणाला सुचत नव्हतं. हळूहळू दुसऱ्या बाटलीतही वर पाण्याची रेघ उमटली. रेघ बोटभर झाली. थोड्या वेळानं दोघी जुळ्या बहिणी दिसायला लागल्या.

ड्रायव्हर कानाशी कुजबुजला, “वाटेत जीप तापली म्हणून सांगू.”

“लस गोठलीय, बाबा. तापून कशी गोठेल?” मग तो बाईंकडे वळला. “सगळी पेटी बाद. चूक माझी. आज मी पॅक कानाला लावले नाहीत.”

रांगेतली एक जण उसळली, “आम्ही दोन डोंगर उतरून आलोय! परत यायचं? आणि तुमचा नातू? त्याला तुम्ही घरी नेऊन चांगली टोचाल.”

पोरीनं बाळाची मांडी झाकली. बापाकडे तिनं जे पाहिलं, ते त्याला आठवडाभर पुरलं. “पुढच्या गुरुवारी मी इथंच येईन,” ती रांगेतल्या त्या बाईला म्हणाली. “तुमच्या मागे. सगळ्यात शेवटी.”

तपासनीस बाई मेलेली बाटली हातात फिरवत होत्या. “ही ठेवायला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. माझा नाद.”

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय ते त्याला विचारवलं नाही.

पुढच्या गुरुवारी हॉर्न वाजला नाही. ड्रायव्हर टेबलापाशी येऊन एक पॅक कानाला लावून उभा. “हा मुकाच आहे रे.”

“मग ठेव खाली. बोलेल.”

जीप तासभर उशिरा पोचली. रांग गेल्या वेळेपेक्षा आखूड होती. थंडोबानं ती दोनदा नजरेनं मोजली. पण दोन डोंगरवाली आली होती. आपल्या पोराची सुई झाल्यावरही ती हलली नाही. दाराला टेकून, शेवटच्या बाळाची मांडी उघडी होईपर्यंत आणि त्याच पेटीतली सुई आत जाईपर्यंत थांबली. मगच तिनं आपलं पोर काखोटीला मारलं.