निकालपत्र स्कॅन करताना उभं राहावं लागतं

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. शेजारणीच्या अंगात आलं तेव्हा मी तिला चहा करून दिला होता... आणि तिनं तो घेतलाही.

कणकवलीला कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाले आणि आमच्या जिल्ह्यातल्या एका जुन्या कोर्टाचा इतिहास लिहायचं काम अंगावर घेतलं. त्यासाठी तिथल्याच रेकॉर्डरूममध्ये बसून जुने कागद स्कॅन करत होते. भर दुपारी सगळ्यात जुनी फाईल हाती लागली — फणसाच्या एका झाडावरून दोन भावांचा दावा. वाळवीनं इतकी पोखरलेली की पान एकदा उलटलं की भुगाच. म्हणजे स्कॅन आत्ता, नाहीतर कधीच नाही. आणि स्कॅनर पहिलंच पान कोरं दाखवत होता. बाकीच्या फायली व्यवस्थित येत होत्या. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

मदतीला बाबूकाका होते, त्याच कोर्टातले निवृत्त पट्टेवाले. शांतपणे म्हणाले, "बाई, पुकारो झालो?"

"कसला पुकारा?"

"पुकारल्याशिवाय कोर्टात कोण उभो रवता? ती माणसा भायर ताटकळत आसतली."

मी वैतागून म्हटलं, करा काय ते. काका दारात गेले आणि जन्मभराच्या सवयीनं वादीच्या नावानं तीनदा ओरडले. दावा स्कॅन झाला, अक्षर न् अक्षर. पुढची कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीनं दिलेलं उत्तर, मात्र कोरी.

"प्रतिवादीचो पुकारो खंय झालो अजून?" म्हणत काका पुन्हा दारात. कैफियतही आली.

राहिलं निकालपत्र. तेही कोरं. मी म्हटलं, "आता न्यायाधीशांना पुकारा." काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ओशाळले.

"सायबाक कोण पुकारता? सायब इले काय आपणच उठान उभा रवाचा लागता. तुमी बसान बटण दाबतास."

मी उठले. पदरही सारखा केला. निकालपत्र आलं — झाड दोघांचं, फणस निम्मे निम्मे. वाचताना मला खरंच भरून आलं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवाला आला. म्हणाला, स्कॅनरचा दिवा ढिला होता. असेल बापडा. पण त्या दिव्याला कोर्टाची शिस्त कुणी शिकवली? मी वाद घातला नाही, आदल्या दिवशीचं त्याला काही सांगितलंही नाही. फक्त म्हटलं, एक निकालपत्र लावून बघ. बटण दाबण्याआधी तो खुर्चीतून उठला.

"का रे उठलास?" मी विचारलं.

तो उभ्यानंच म्हणाला, "मी खंय उठलंय, म्याडम?"