स्पिरिटने पुसलेला एप्रन

माझ्या अंगावरून उतरवलेला एप्रन त्याने दोन बोटांच्या चिमटीत धरला. एक्स-रे काढताना घालायचा शिशाचा एप्रन असा धरता येत नाही. जड असतो. तो धपकन खाली पडला. मग त्याने हातमोजे चढवले, एप्रन टेबलावर पसरला आणि कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसायला लागला. आधी छातीवरचा भाग. मग खांद्याचे पट्टे. मी समोरच उभी. आत्ताच, तो एप्रन घालून, एका रडणाऱ्या पोराचा मोडलेला पाय मी धरून ठेवला होता.

पुसता पुसता तो मराठीत म्हणाला, अगदी हळू, "हा आमच्या वापरातला आहे. तुम्ही लोकांनी हात लावायचा नाही. चारचौघांत बोलत नाही, आपल्या भाषेत सांगतोय. उपकार समज."

दारात रांगेत उभी असलेली माणसं कन्नड बोलणारी. त्यांना वाटलं, साहेब नव्या बाईला काम समजावून सांगताहेत. मी मुंडी हलवली. हो म्हणून. त्या मुंडीचा राग मला आजही येतो.

बंगळूरच्या के. आर. पुरमहून बस पकडायची, शहर मागे टाकायचं, द्राक्षाचे मांडव लागले की उतरायचं. तिथे ते सरकारी रुग्णालय. मी कंत्राटावरची आया. एक्स-रेच्या खोलीत पेशंटला टेबलावर चढवायचं, कोणी हलत असेल तर दाबून धरायचं. बटण तो दाबायचा. तो टेक्निशियन. शिशाच्या भिंतीआड उभा राहायचा, जिथे किरण पोचत नाहीत. तरी त्या दिवसानंतर खोलीतला एकुलता एक एप्रन त्याच्याच अंगावर. आणि किरणांच्या पुढ्यात मी, नुसत्या साडीत.

त्याला माझी जात कळली कशी? मीच सांगितली. पहिल्या दिवशी माझं मराठी ऐकून तो खुलला. "ताई, तुम्ही आपल्याकडच्या?" बंगळूरमध्ये आपली भाषा कानावर पडली की काळीज सुपाएवढं होतं. मीही खुलले. निपाणीकडची, म्हणाले. त्याने आडनाव विचारलं. मग गाव. मग, "गावात घर कुठे?"

"भीमनगरात."

त्याने डब्यातली चपाती माझ्यासाठी काढली होती. ती परत डब्यात गेली. झाकण लागलं. त्यानंतर मी कधीच ताई नव्हते. कन्नड माणसाला माझ्या आडनावातून काही कळत नाही. मला हुडकून काढलं ते माझ्याच भाषेच्या माणसाने.

सोडून का गेले नाही, असं विचारणारे भेटतात. त्यांची पोटं भरलेली असतात. नवऱ्याचं काम सुटलेलं, घरात मिळवणारी मी एकटी. माझ्या आधीच्या आयाने पोटुशी असल्याचं सांगितलं, तर कंत्राटदाराने दुसऱ्याच दिवशी तिला बंद केलं. म्हणून मला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा मी तोंड शिवून घेतलं. तिसऱ्या महिन्यात रिकामी झाले. किरणांमुळेच झालं असं मी म्हणत नाही. डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही. पण त्यामुळे नाहीच, असंही कोणी छातीठोक सांगितलं नाही. ते ओझं मी अजून वागवते आहे.

आणि गंमत बघा. दारावर पाटी होती, गरोदर असाल तर आधी सांगा. वाचता न येणाऱ्या बायकांना ते विचारायचं काम माझं. "अक्का, पोटात काही आहे का? असेल तर आत येऊ नको." रोज विचारायचे. आणि विचारून झालं की स्वतः आत जायचे. जड दार लागायचं. बाहेर लाल दिवा. "श्वास रोखा," तो म्हणायचा. पेशंट रोखायचा, मीही रोखायचे. जणू श्वास रोखला की किरण आत शिरणार नाहीत.

यंदा पुन्हा दिवस गेले. पळावं तर पोटाचं काय, राहावं तर पोटातल्याचं काय? मी राहिले. रोज त्याच दारातून आत.

एके सकाळी मांडवावरून पडलेली एक लहान मुलगी आली. हात सुजलेला, ओरडून ओरडून घसा बसलेला. बरोबर तिची आई आणि आजी. मी आईला नेहमीचा प्रश्न विचारला.

"हौदु," ती म्हणाली. हो. पाचवा महिना.

"मग तू बाहेर थांब. मी धरते हिला."

ती हलली नाही. माझा हात माझ्याच पोटावर होता, मला न कळत. तिने तो पाहिला.

"आणि तू, अक्का?"

इतक्या बायकांना मी विचारलं. मला विचारणारी ही पहिली.

आतून तो मराठीत ओरडला, "गप्पा कसल्या? आण तिला."

मी कन्नडमध्ये म्हणाले, "मलाही दिवस गेलेत. मी धरणार नाही."

तो बाहेर आला. आवाज खाली. "हळू बोल. काम जाईल तुझं."

"कन्नडमध्ये बोला, सर. सगळ्यांना कळू दे." आणि मग मीच बोलले. एप्रन, स्पिरिट, हातमोजे, भीमनगर. सगळं कन्नडमध्ये, रांगेसमोर. माझा आवाज फाटला होता, पण थांबला नाही. त्याची हळू बोलायची जागाच गेली होती.

मुलीची आजी उठली. "आधी पोरीचं बघा. मी धरते. काय घालायचं ते दे."

मी त्याच्यासमोर हात पुढे केला. "काढा."

त्याने काढला. मी म्हातारीला घातला, पट्टे बांधले.

"स्वल्प जड आहे," ती म्हणाली.

"असू दे अज्जी. काढू नको."

फोटो निघाला. एप्रन खुंटीवर गेला, माझ्याच हाताने. स्पिरिटची बाटली तिथेच होती. त्याचा हात तिकडे गेला आणि मागे आला. सुधारला म्हणून नव्हे. लोक बघत होते म्हणून.

संध्याकाळी कंत्राटदाराचा फोन आला, उद्यापासून येऊ नको. मी दुसऱ्या दिवशी गेले. अजून रोज जाते. मोठ्या डॉक्टरांच्या दारासमोर बसते. पोट आता साडीत लपत नाही, आणि मी लपवतही नाही. मला माझं काम परत पाहिजे. त्या खोलीत धरायला उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर एप्रन पाहिजे. दोन्ही पाहिजे.

जाता-येता तो वाकून मराठीत पुटपुटतो, "घरी जा. कशाला तमाशा?"

मी कन्नडमध्ये उत्तर देते. रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मराठी मी घरी बोलते, पोटातल्या जिवाशी. ती माझ्या आईची भाषा आहे. हळू आवाजात माझा अपमान करायला ती मी त्याला यापुढे वापरू देणार नाही.