बेटावरची खारी विहीर

माझ्या दिरासाठी सोयरीक घेऊन बेटावर आलेल्या मुलीच्या वडिलांनी आमच्या विहिरीचं पाणी तोंडात घेतलं आणि अंगणातच थुंकलं. सासूबाई म्हणाल्या, “भरतीचं शिरलंय, उतरेल.” ते म्हणाले, “मुलगी नांदवायची आहे हो, खारवायची नाही.”

काल टीव्हीवर पॉलिनेशियातली दूरची ओसाड बेटं दाखवली. चुलीचे दगड जागेवर आहेत, पण माणसं का गेली ते कुणालाच ठाऊक नाही. मला नवल वाटलं नाही. आम्हीही बेट सोडलं, तेव्हा मुलांच्या शाळेसाठी आलो असंच सगळ्यांना सांगितलं. विहीर खारी झाली हे बोलायची लाज वाटली. त्या ओसाड बेटांवरच्या माणसांनाही वाटली असेल.

आमच्या बेटावरच्या तेव्हाच्या मोठ्या माणसांपैकी आता दोघंच जिवंत आहेत. एक मी आणि दुसरा तो दीर. त्याचं लग्न झालं नाही.