डावा गाल

बावड्याच्या अक्काबाईला तिच्या लेकीनं, साक्षीनं, बारामतीहून तांब्याचं पेप्टाइड घातलेलं सीरम आणून दिलं. सुरकुत्या जातात म्हणे. अक्काबाईनं बाटली उजेडात धरली. रंग थेट फवारणीच्या मोरचुदासारखा निळा! नवरा गेल्यापासून डाळिंबाची बाग तिनं एकटीनं सांभाळलेली. नवं औषध आधी एकाच ओळीवर मारून बघायचं, ही तिची रीत.

दिवाळीला साक्षी आली, तर आईचा डावा गाल जरा तुकतुकीत, उजवा होता तसाच.

"अगं, एकाच गालाला लावलंस?"

"मग? समदी बाग जाळून घिऊ व्हय?"

"आता गुण आला ना? दुसऱ्यालाही लाव."

"न्हाय." अक्काबाईनं झाकण घट्ट लावलं. "वर गेल्यावर तुज्या बापाला एक बाजू तरी वळखाया पायजे."